आधी रॉकेट, मग ग्लायडर

नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइलचं बुटांचं दुकान होतं आणि त्याला दारूकामाचा नाद होता. त्याचा भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानं करायचा आणि रॉकेट कसं चालतं यावर व्याख्यानं द्यायचा. व्याख्यानात दाखवायला काहीतरी उडणारं हवं, म्हणून १९५४ साली ऑरव्हिलने कागदी नळीचं, बाल्सा लाकडाच्या छोट्या पंखांचं एक रॉकेट केलं. त्याचं इंजिन म्हणजे आपला दिवाळीतला बाणच, पण काडीशिवायचा: जाड कागदाची नळी, मातीचं तोंड, दाबून भरलेली दारू, वर थोडा वेळ नुसता धूर देणारा थर आणि शेवटी पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार. इंजिन जळून गेलं की दुसरं घालायचं, रॉकेट तेच. ‘रॉक-अ-च्यूट’ नावाचं ते रॉकेट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पुढचा इतिहास भराभर घडला. व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइनने १९५७ मध्ये घरी रॉकेटं करणाऱ्या पोरांच्या सुरक्षिततेवर एक लेख लिहिला. तो वाचून कार्लाइलने आपली रॉकेटं त्याला धाडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली पोरं लोखंडी नळ्यांत काय वाट्टेल ते ठासून हात भाजून घेऊ लागली. तयार, मोजून भरलेल्या इंजिनाची गरज त्यातून उभी राहिली. ती विकायला स्टाइनने काढलेल्या कंपनीला इंजिनं पुरेनात, तेव्हा फटाक्यांचा धंदा असलेल्या घरातल्या व्हर्न एस्टेसने ती भरणारं यंत्र बनवलं. त्याचं नाव ‘मेबल’. साडेपाच सेकंदांना एक इंजिन. एस्टेसची कंपनी १९६१ मध्ये कोलोरॅडोतल्या पेनरोझला गेली आणि या छंदाचं माहेर तेच झालं.

मला या सगळ्यात रस आहे तो पॅराशूटने खाली येणाऱ्या रॉकेटांपेक्षा पंखांवर तरंगत येणाऱ्यांत. पुण्यात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना हाताने फेकायची बाल्साची ग्लायडरं केली होती. इंजिनं मात्र अमेरिकेत आल्यावरच हाती आली, कारण इथे ती हॉबीच्या दुकानात पाकिटातून मिळतात. किट उघडलं की बाल्साच्या दोन-तीन पातळ फळ्या, एक नळी, एक नाकाडं आणि घडी घातलेला नकाशा, एवढाच ऐवज. साठ वर्षांत याच्यात फारसा बदल नाही. पूर्वी साच्याने छापलेले भाग फळीतून काढताना कडा चुरडायच्या, आता लेझरने कापलेले येतात. बाकी पॉलिशपेपर घेऊन पंखाला वरून गोलाई द्यायचं काम तेव्हाइतकंच कंटाळवाणं आहे आणि ते टाळणाऱ्याचं ग्लायडर तेव्हासारखंच दगडासारखं खाली येतं.

खरी अडचण बांधणीत नाही, कल्पनेत आहे. ग्लायडर हळू, सपाट तरंगावं म्हणून त्याचा तोल थोडा मागे ठेवतात आणि शेपटी किंचित खाली दाबणारी ठेवतात. रॉकेटला हे चालत नाही. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते: वेग पाचपट झाला की उचल पंचवीसपट. हाताने फेकल्यावर छान तरंगणाऱ्या ग्लायडरला तसंच इंजिन लावलं, तर ते वर न जाता उलटी कोलांटी घेऊन जमिनीत घुसतं. म्हणजे एकाच वस्तूने आधी बाणासारखं सरळ जायचं आणि दोन-तीन सेकंदांनी आपला स्वभाव पूर्ण बदलायचा.

पहिलं चालणारं उत्तर एस्टेस आणि जॉन शुट्झ यांनी १९६१ च्या सुमारास काढलं. त्यांच्या ‘स्पेस प्लेन’चं इंजिन मागे होतं. वर जाताना पंखांच्या मागच्या झडपा सपाट राहत. दारू संपून शेवटचा बार उडाला की रिकामं इंजिन मागे फेकलं जाई, झडपा वर उचलल्या जात आणि शेपटीचं वजन गेल्यामुळे तोल पुढे सरके. डोकेबाज काम, यात शंका नाही. पण झडप अडकली, वाकडी उचलली गेली किंवा इंजिन नीट निघालंच नाही, की संपलं. शिवाय रिकामी नळी आकाशातून कुठेही पडायची. पुढे स्पर्धांच्या नियमांनी तिला निदान फीत तरी बांधायला लावली.

१९६३ मध्ये लॅरी रेंगरने इंजिन उचलून पुढे नेलं. हे वाक्य जितकं साधं आहे तितकीच कृतीही, आणि माझ्या मते या छंदातली सर्वांत मोठी उडी हीच. ‘स्काय स्लॅश’ हे त्याचं मॉडेल. इंजिनाचं वजन नाकापाशी असलं की सगळ्या यानाचा तोल पुढे येतो, मग मोठे पंख असूनही ते रॉकेटसारखं सरळ जातं. इंजिन गेलं की तोल आपोआप मागे, म्हणजे ग्लायडरला हवा तिथे. एकही झडप नाही, स्प्रिंग नाही, रबर नाही. पाठोपाठ ‘पॉप-पॉड’ आला: इंजिनाची नळी एका छोट्या खांबावर बसवलेली, तो खांब ग्लायडरच्या पाठीवरच्या आकड्यात अडकवलेला. इंजिन पुढे ओढतं तोवर आकडा घट्ट. बार उडाला की पॉडला मागे धक्का बसतो, तो आकड्यातून निसटतो आणि आपल्या फितीवर किंवा पॅराशूटवर वेगळा उतरतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘डायना-सोर’ हा रॉकेटवरून जाऊन पंखांवर परतणाऱ्या यानाचा प्रकल्प गुंडाळला. तशा मोठ्या यानाची पहिली कक्षीय फेरी व्हायला १२ एप्रिल १९८१ उजाडावा लागला. स्पेस शटल ते. मैदानावरची पोरं मधली सगळी वर्षं हेच उडवत होती. एस्टेसच्या ‘ऑर्बिटल ट्रान्सपोर्ट’ किटमध्ये तर मोठ्या रॉकेटच्या पाठीवर छोटं ग्लायडर बसलेलं असायचं, शटलची कल्पना लोकांच्या तोंडी रुळण्याआधी.

पॉप-पॉडचा आकडा जवळून बघण्यासारखा आहे. फार घट्ट केला तर पॉड सुटत नाही, फार सैल केला तर उडण्याआधीच डुगडुगतो. जाणकार सांगतात ती परीक्षा अशी: पॉड बसवून ग्लायडर नाकावर उभं धरायचं, पॉडने आपल्या वजनाने जागेवर राहायचं. मग शेपटीवर उभं करायचं. आता तो घसरून हातात आला पाहिजे. खाचेत कणभर गोंद राहिला तरी ही परीक्षा फसते, म्हणून गोंद वाळल्यावर खाच पॉलिशपेपरने पुसून मेणबत्ती फिरवायची.

मग ट्रिम, म्हणजे तोल जुळवणं. त्यासाठी ओलं गवत आणि पडलेलं वारं लागतं. सकाळची वेळ उत्तम. पॉडशिवाय नुसतं ग्लायडर खांद्याच्या उंचीवरून, समोरच्या क्षितिजाकडे, न फेकता ढकलायचं. नाक वर करून थांबलं आणि मग डुबकी मारली, तर नाकावर क्लेचा मुगाएवढा गोळा. सरळ खाली गेलं तर क्ले काढायचा. सुकाणू केसभर डावीकडे वळवायचं, म्हणजे मैदानाबाहेर न जाता गिरक्या घेत येतं. नवखे सगळे थेट मोठ्या इंजिनाकडे धावतात. सी वर्गाचं इंजिन हलक्या बाल्साला सोसत नाही. पंख वरच्या वर चिंध्या होऊन येतात. बी४-२ बरं: बी म्हणजे जास्तीत जास्त ५ न्यूटन-सेकंद इतका एकूण आवेग, ४ म्हणजे सरासरी चार न्यूटनचा रेटा आणि शेवटचा आकडा दोन सेकंदांची उसंत. तेवढ्यात यान शिखराजवळ पोचतं आणि पॉड सुटतो. उसंत लांबली तर नाक खाली वळून वेग वाढतो आणि मग उचल परत आपलं काम दाखवते.

पॉडची दोरी कधी कधी ग्लायडरच्या शेपटीत गुरफटते आणि दोघं मिठी मारून गोल गोल खाली येतात. मैदानावर याला ‘रेड बॅरन’ म्हणतात आणि कुणीतरी हमखास ओरडतंच. साठ वर्षांत याच्यावर पक्का उपाय निघालेला नाही.

म्हणून काहींनी काही न टाकणारी यानं करायचं ठरवलं. वर जाताना मिटलेले आणि बार उडाल्यावर उघडणारे पंख, कात्रीसारखे फिरणारे पंख, नळीवर सरकणारे पंख, असे प्रकार आले. १९७२ मध्ये युगोस्लाव्हियात व्हर्शाट्सला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हापासून पूर्व युरोपीय देशांनी या खेळाला फार वरच्या पातळीवर नेलं. रेडिओने चालणाऱ्या यानांचा वेगळा वर्ग झाला. कार्बनची पानासारखी पातळ यानं आज घारींसारखी गरम हवेचे झोत धरून वर राहतात. ती बघायला फार सुंदर आहेत. पण बाल्साचं ग्लायडर सोडल्यावर त्याच्यावर आपला काही अधिकार राहत नाही, सगळं आधीच करून ठेवावं लागतं. मला त्यातच गंमत वाटते.

भारतात तयार इंजिनं अशी सहज मिळत नसल्याने हा छंद रुजला नाही. मोठ्या मापात मात्र इस्रोने तेच कोडं हाती घेतलं. २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पावणेदोन टनांचं पंखांचं यान घन इंधनाच्या बूस्टरवर बसून निघालं. बूस्टर सुमारे ५६ किलोमीटरवर सुटला, यान ६५ किलोमीटरपर्यंत चढलं आणि ७७० सेकंदांच्या उड्डाणानंतर बंगालच्या उपसागरात उतरलं. तरंगून धावपट्टीवर येण्याचा भाग वेगळा तपासला: २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ तसंच यान चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. मॉडेलवाले हेच करतात, फक्त क्रम उलटा: आधी हाताने फेकून पाहायचं, मग इंजिन लावायचं. कक्षेतून येऊन धावपट्टीवर उतरणं अजून बाकी आहे, त्याची तयारी चालू आहे.