इंग्रजीच्या वर्गातील काही संज्ञा आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द

इंग्रजीच्या वर्गात वाचन-लेखनविषयक संज्ञांची उजळणी होते तेव्हा फळ्यावर बहुधा दोन रकाने पडतात : समरी म्हणजे सारांश, इन्फरन्स म्हणजे अनुमान, मेटफर म्हणजे रूपक. ही पद्धत सोयीची खरी. परंतु मराठी शब्दांना स्वतःचा पूर्वेतिहास नाही, असे तीत गृहीत धरलेले असते. वस्तुतः ह्यांतील बहुतेक शब्द इंग्रजी संज्ञेची भेट होण्यापूर्वीच अन्य शास्त्रांत किंवा व्यवहारांत रुळलेले होते, आणि तो जुना अर्थ विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत हटकून डोकावतो.

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अहमदपूर तालुका आज लातूर जिल्ह्यात असला, तरी १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत असे. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू केले, आणि इंग्रजी हा तेथे आवश्यक विषय होता. साहजिकच ह्या भागात इंग्रजी व मराठी संज्ञांच्या मध्ये उर्दूचा एक थर येऊन बसला.

‘खुलासा’ हा शब्द ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. मुळात अरबी असलेला हा शब्द उर्दूत ‘सार, संक्षेप’ ह्या अर्थी वापरतात. म्हणजे इंग्रजीतील समरी. मराठीत मात्र खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. एक क्रिया मजकूर आटविणारी, तर दुसरी फुलविणारी. उर्दू माध्यमातून शिकलेला व मराठी माध्यमातून शिकलेला असे दोघे शेजारी बसले, तर ह्या एकाच शब्दाने ते परस्परविरुद्ध कामाला लागतील. ‘समरी लिहा’ ह्या प्रश्नाला मूळ उताऱ्याहून लांब उत्तर येते, त्यामागे आळस वा अज्ञान नसते. कवितेचे स्पष्टीकरण करण्याची शाळेत लागलेली सवय असते. परीक्षक गुण कापतो. विद्यार्थ्याला मात्र आपण जास्त लिहूनही कमी गुण का मिळाले, हे उमगत नाही.

पॅराफ्रेजची अडचण निराळी आहे. त्यासाठी ‘भावार्थ’ हा शब्द सर्रास योजला जातो. परंतु ज्ञानेश्वरीचे ‘भावार्थदीपिका’ हे नाव आठवले की भावार्थाचा आवाका ध्यानात येतो : तेथे मूळ श्लोकातील गर्भित आशय उजळून दाखविणे अभिप्रेत आहे. पॅराफ्रेज करणाऱ्याला तेवढी मोकळीक नाही. त्याने सर्व मुद्दे राखून, आपले काही न घालता, केवळ शब्द व वाक्यरचना बदलावयाची असते. समरीत काही मुद्दे गाळणे हे कर्तव्य ठरते; पॅराफ्रेजमध्ये तोच दोष होय.

‘अनुमान’ ह्या शब्दाच्या बाबतीत गंमत अशी की, त्याचा प्राचीन अर्थच इंग्रजी संज्ञेला अधिक जवळचा आहे. नित्याच्या बोलण्यात अनुमान म्हणजे अंदाज. न्यायशास्त्रात ते एक प्रमाण आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे असे म्हणावयाचे, तर धूर हा हेतू दाखविता आला पाहिजे आणि धूर व अग्नी ह्यांचा नित्य संबंधही मान्य असला पाहिजे. वाचनातील इन्फरन्सलाही असाच हेतू लागतो, आणि तो उताऱ्यातील शब्दांतच सापडावा लागतो. ‘तुझा धूर कोठे आहे?’ एवढा एक प्रश्न वर्गात विचारला, तरी निराधार तर्क पुष्कळ आटोक्यात येतील.

मेटफरला रूपक म्हणताना मात्र संस्कृत अलंकारशास्त्राची काटेकोर विभागणी आड येते. ‘पावसाविना रान म्हणजे तापलेला तवा’ येथे उपमेय व उपमान दोन्ही उपस्थित असून त्यांचा अभेद सांगितला आहे. म्हणून हे रूपक. ‘यंदा आम्ही तव्यावरच पेरणी केली’ ह्या वाक्यात रान हे उपमेय गिळले गेले आहे. अशा रचनेस अलंकारशास्त्र अतिशयोक्तीच्या एका प्रकारात घालते. इंग्रजीत दोन्ही मेटफरच. मराठी व्याकरणात तरबेज असलेला विद्यार्थी दुसऱ्या उदाहरणाला मेटफर म्हणावयास कचरतो, तो ह्यामुळे. आय. ए. रिचर्ड्स ह्यांनी १९३६ मध्ये टेनर व व्हेइकल ह्या संज्ञा रूढ केल्या. उपमेय-उपमानाची जोडी पाठ असलेल्याला त्या समजावून देण्यास पाच मिनिटे पुरतात.

टॉपिक व थीम ह्या दोहोंना ‘विषय’ म्हणण्याचा प्रघात तर सोडूनच द्यावा. दुष्काळ हा कथेचा टॉपिक होऊ शकतो. दुष्काळाविषयी कथेतून जे सुचविले जाते ते थीम, आणि ते पूर्ण वाक्यातच सांगता येते. ‘आशयसूत्र’ हा प्रतिशब्द त्यास बरा.

तेव्हा फळ्यावर तिसरा रकाना हवा : ह्या संज्ञेनुसार मजकुराचे नेमके काय करावयाचे? गाळावयाचे, बदलावयाचे, की आधार दाखवावयाचा? ह्या रकान्यासाठी ग्रामीण विद्यार्थ्याजवळ एक शब्द तयारच आहे. सातबाराचा उतारा म्हणजे नोंदीतील हव्या त्या भागाची जशीच्या तशी नक्कल, हे त्याने घरी पाहिलेले असते. त्यात पदरचा एक शब्दही चालत नाही, हेही त्याला ठाऊक असते. इंग्रजीतील एक्स्ट्रॅक्ट व क्वोटेशन ह्यांची शिस्त हीच होय.