सूर्याला कोळसा कोण घालतो?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या वसतिगृहाच्या सायंकाळच्या अभ्यासिकेत आठवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आमच्या आईबाबांच्या वीटभट्टीला सारखा कोळसा लागतो. मग सूर्याला कोळसा कोण घालतो?” मुले हसली. मी इतिहासाचा शिक्षक. मलाही समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे वाचन करताना लक्षात आले की, एकोणिसाव्या शतकातील थोर शास्त्रज्ञ नेमक्या याच प्रश्नाशी झुंजत होते. त्या विद्यार्थ्याचे ऋण म्हणून हा लेख.

सूर्य कोळशाचा असता तर काही हजार वर्षांतच विझला असता. म्हणून लॉर्ड केल्व्हिन यांनी वेगळा विचार मांडला : सूर्य स्वतःच्या वजनाने आकुंचन पावतो व त्यातून उष्णता निर्माण होते. या हिशोबाने सूर्याचे वय काही कोटी वर्षे भरत होते. परंतु खडकांचे थर आणि डार्विन यांचा उत्क्रांतिविचार त्याहून फार मोठा काळ मागत होते. केल्व्हिन यांचा दरारा मोठा होता. पण दरारा म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा सूर्यप्रकाशातच दडला होता. १८१४ मध्ये फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातील शेकडो काळ्या रेषांची नोंद केली. पुढे किर्कहोफ व बुन्सेन यांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची ठरावीक रेषा असते. सूर्यात लोह, कॅल्शियम, सोडियम यांच्या रेषा ठळक दिसल्या. साहजिकच, सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा तप्त गोळा आहे, असा समज रूढ झाला.

या समजाला तडा देणारी किल्ली कलकत्त्यात घडली. मेघनाद साहा यांचा जन्म १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या एका खेड्यात, लहानशा किराणा दुकानदाराच्या घरी झाला. पुढील शिक्षणासाठी ते दुसऱ्या गावी एका डॉक्टरांच्या घरी राहिले. तिथे आपले ताट स्वतः धुवायचे, ही अट होती. कलकत्त्याच्या वसतिगृहातही जातीमुळे त्यांच्या पंक्तीला बसण्यास काही सहाध्यायांनी नकार दिला. याच साहांनी १९२० मध्ये आपले आयनीभवनाचे समीकरण मांडले. प्रखर उष्णतेत अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. म्हणून रेषेचा ठळकपणा केवळ द्रव्याच्या प्रमाणावर नव्हे, तर तापमान आणि दाब यांवरही अवलंबून असतो. रेषा ठळक म्हणून द्रव्य जास्त मानणे, हे सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचीच संख्या मोठी मानण्यासारखे होते.

हे समीकरण वापरून सेसिलिया पेन या तरुणीने १९२५ मध्ये अमेरिकेत प्रबंध सादर केला. केंब्रिजमध्ये शिक्षण पूर्ण करूनही स्त्री म्हणून त्यांना पदवी मिळाली नव्हती. तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचेच बनलेले आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ रसेल यांनी तो अशक्य ठरवला आणि पेन यांना प्रबंधातच स्वतःच्या निष्कर्षावर अविश्वास नोंदवावा लागला. चारच वर्षांनी स्वतः रसेल त्याच निष्कर्षाला पोहोचले.

इंधन सापडले, आता ज्वलनाचे कोडे उरले. हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून हेलियमचे एक केंद्रक बनते, तेव्हा वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्का भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो. ही शक्यता एडिंग्टन यांनी १९२० मध्येच वर्तवली होती. १९३९ पर्यंत हान्स बेथे यांनी तिच्या नेमक्या पायऱ्या उलगडल्या. यालाच केंद्रकीय संमीलन म्हणतात.

सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान असते. तिथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेत बदलते. ही ऊर्जा गाभ्यातून धडपडत पृष्ठभागापर्यंत येण्यास हजारो वर्षे घेते. तेथून आपल्या अंगणात मात्र ती साडेआठ मिनिटांच्या आत पोहोचते. संमीलन वाढले तर गाभा फुगून थोडा थंडावतो. मंदावले तर आकसून पुन्हा तापतो. म्हणून या भट्टीला राखणदार लागत नाही. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे आणि जवळपास ५०० कोटी वर्षे पुरेल इतके इंधन अजून शिल्लक आहे.

तेव्हा, बाळा, तू हा अंक वाचत असशील तर तुझे उत्तर असे : सूर्याला कोळसा कोणीच घालत नाही, त्याचे इंधन त्याच्याच पोटात आहे. हे सांगायला मला काही वर्षे लागली, आणि जगाला त्याहून फार अधिक. पंक्तीतून उठवलेला एक विद्यार्थी आणि पदवी नाकारलेली एक विद्यार्थिनी शिकल्या नसत्या, तर कदाचित आणखी लागली असती. पालकांना एवढेच सांगणे : मूल प्रश्न विचारते तेव्हा हसू नका. आणि त्या दिवशी हसलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, आता तुमचीही मुले शाळेत जात असतील. त्यांचे प्रश्न ऐका.