समुद्रतळीचे तेल व आराखड्याची निवड

चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातील रहिवाशास खाणीची रीत समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. कोळसा उथळ असला तर वरची माती व खडक उकरून उघडी खाण करतात. खोल असला तर भुयारी खाण करतात आणि छत कोसळू नये म्हणून कोळशाचेच खांब उभे ठेवतात. पहिल्या रीतीत कोळसा अधिक मिळतो, पण शेत व रान जाते. दुसरीत जमीन बव्हंशी राहते, पण पुष्कळ कोळसा खालीच राहतो. समुद्राखालील खनिज तेल काढतानाही अशीच तुलना करावी लागते.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवरील 'मुंबई हाय' हे याचे आपल्या प्रांतातील उदाहरण होय. 'सागर सम्राट' या वेधन-नौकेने १९७४ साली तेथे तेल शोधले व १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. तेथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. एवढ्या खोलीत तळाशी पाय रोवलेले पोलादी फलाट सोयीचे पडतात. पाणी जसजसे खोल, तसतसे पोलाद व खर्च वाढतो. म्हणून खोल पाण्यात विहिरींची तोंडे तळावरच ठेवून तेल तरत्या जहाजावर घेतात. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोरील समुद्रात २०२४ च्या जानेवारीत तेल निघू लागले, ते याच रीतीने.

दुसरा प्रश्न तेल किनाऱ्यास आणण्याचा. जहाजाने ते लवकर व अल्प भांडवलात आणता येते. परंतु पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात जहाज भरणे कठीण. नळास आरंभी मोठा खर्च येतो, पण तो बारमाही वाहतो. मुंबई हायचे तेल प्रथम जहाजांनी येई. १९७८ मध्ये उरणपर्यंत नळ टाकण्यात आला.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर, तो म्हणजे कोणती वस्तू कोठे ठेवावी. २७ जुलै २००५ रोजी आपल्यावरील एका जखमी कामगारास फलाटावर पोहोचविण्यासाठी आलेले जहाज तेथील फलाटाच्या उभ्या वायुनळीवर आदळले. वायू पेटला, सुमारे दोन तासांत तो फलाट नष्ट झाला व २२ जणांचा बळी गेला. अशा नळीला जहाजांच्या वाटेपासून दूर जागा द्यावी, तिला भक्कम आडोसा असावा आणि वायू खालीच अडविणारी झडप समुद्रतळावर बसवावी, असे आराखडा करणारे मानतात, ते याच धोक्यामुळे. या प्रत्येक गोष्टीस खर्च पडतो आणि त्यातून तेलाचा एक थेंबही अधिक निघत नाही.

भुयारी खाणीत मागे ठेवलेला खांबही कोळशाच्या हिशेबात तोटाच दिसतो. मात्र त्याच्या आधारावर माणसे पाळी संपवून वर येतात. म्हणून दोन आराखड्यांची तुलना करताना कोणता स्वस्त, एवढेच पाहून भागत नाही. एखादा भाग निकामी झाला असता माणसांचे काय होईल, हेही दोन्हींस विचारावे लागते.