शाकाहार आणि हृदयाचा ताळेबंद

वर्षाअखेरीस खात्यांचा ताळेबंद मांडण्याची सवय आपणा व्यापारी बांधवांस आहे. परंतु स्वतःच्या रक्ताचा ताळेबंद पाहण्यास आम्हांस साठी ओलांडावी लागली. आमच्या एका जुन्या भागीदारांनी छातीतील कळ अपचनाची समजून सोडा घेतला. ते पेढीवर परतलेच नाहीत. त्या धास्तीने आम्ही तपासणी करविली, तो कोलेस्टेरॉल वाढलेले. आम्ही म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी अंडेदेखील येत नाही, मग हे आले कोठून?" ते म्हणाले, "शेठजी, थोडे तुपाच्या डब्यातून, बरेचसे आपल्याच यकृतातून."

धान्यात वा वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते, हे खरे. तथापि शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनविते. आहारात तूप, खवा, मलई, पामतेल यांतील संपृक्त स्निग्धांश वाढला, की रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचे यकृताचे काम मंदावते व ते रक्तवाहिन्यांत साठत जाते. वनस्पती तुपातील ट्रान्स स्निग्धांश तर याहूनही घातक. म्हणूनच शासनाने २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली.

उपाय मात्र आपल्याच गोदामात आहे. जव, हरभरा, राजमा यांतील विरघळणारा तंतू आतड्यातील पित्तास बांधून बाहेर नेतो. नवे पित्त बनविण्यासाठी यकृतास रक्तातील कोलेस्टेरॉल खर्चावे लागते. आपल्या शहरात तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती १९५८ साली कुन्नूरहून येथे आली. तिच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेतही तेल-तूप बेताने वापरून तेलबिया व कडधान्ये यांवर भर देण्यास सांगितले आहे.

आपण आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस तूप-तेल वर्ज्य करितो, आणि पुढे बेगमबाजारच्या गादीवर बसल्या बसल्या कचोरी-भजी मागवितो! पूर्वजांनी सांगितलेली उणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, ही केवळ पर्वापुरती नसावी.

आम्ही तूप चमच्याने मोजू लागलो, रोज पहाटे चालतो व डॉक्टरांचे औषधही नियमित घेतो. केवळ पथ्यावर विसंबून औषध सोडणे योग्य नव्हे. बांधवहो, दिवाळीस वही पुजण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे, आणि छातीत कळ आल्यास सोडा न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे, एवढीच नम्र विनंती.