हजार पानांची पेस्ट्री

पॅरिसच्या ओतय भागात गास्ताँ लनोत्र यांनी १९५७ साली मिठाईचे दुकान थाटले, १९७१ मध्ये प्लेझीर येथे कारागिरांसाठी शाळा काढली आणि १९७५ मध्ये घरी करणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिले. 'आपली पेस्ट्री लनोत्रसारखी करा' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या टार्टीन बेकरीचे २००६ मधील पुस्तकही त्याच कुळातले. अशी देखणी पुस्तके आता आपल्याही घरांत दिसतात. मात्र त्यांच्या पानांवर मैद्याचा डाग क्वचितच आढळतो!

याचे कारण आमच्या मते एकच. बेकरीत कोणताही मोठा पदार्थ एका बैठकीत होत नाही. पीठ काल मळलेले असते, क्रीम सकाळी शिजवलेले असते, आणि दुपारी केवळ रचना होते. हेच काम गृहिणी एका रविवारात आटोपू पाहते आणि संध्याकाळी लोणी, पैसा व उमेद तिन्ही गमावून बसते.

'मिल-फय', म्हणजे हजार पाने, हा पदार्थ घ्या. चिरोटे करणाऱ्या हाताला याचे मर्म लवकर उमगेल, कारण इथेही पदरांत स्निग्धांश राखायचा असतो. पण साट्यासारखे तूप येथे चालणार नाही. लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी असते. भट्टीत त्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होऊन पदर उचलले जातात. तुपात पाणीच नसते.

पाव किलो मैदा, चिमूटभर मीठ व सुमारे १२५ मिलिलिटर बर्फगार पाणी यांचे पीठ भिजवावे. वाटीचा भरवसा धरू नये, तराजूच हवा. त्यात २०० ग्रॅम बिनमिठाच्या बटरची थापटून केलेली चौकोनी वडी गुंडाळून लाटावे व तिहेरी घडी घालावी. अशा सहा घड्यांत लोण्याचे ७२९ थर होतात. दर दोन घड्यांनंतर पीठ अर्धा तास तरी शीतकपाटात विसावले पाहिजे. लोणी आणि पीठ सारख्याच मऊपणाचे असावेत. लोणी फार कडक असेल तर तुटते, सैल झाले तर पिठात मुरते आणि पदर संपतात. माळव्यातल्या वैशाखात हे करू पाहणे म्हणजे लोणी वितळवण्याचा हौशी प्रकार होय. इंदूर-ग्वाल्हेरकडील पौषातली पहाट यासाठी उत्तम!

क्रीम आदल्या रात्रीच करावे. अर्धा लिटर दूध, चार अंड्यांचा पिवळा बलक, १०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर. अंडे फुटेल या भीतीने पुष्कळजणी ते दाट होताच उतरवतात. तसे करू नये. बलकातील एक पाचकद्रव्य पिष्ट विरघळवते आणि सकाळी क्रीम पातळ झालेले दिसते. बुडबुडे आल्यावर मिनिटभर ढवळत उकळावे. पिष्टामुळे अंडे फुटत नाही.

तिसरे काम वाढण्याच्या दिवशीचे. पातळ लाटलेली पोळी टोचून, वर दुसरे ताट ठेवून २०० अंशांवर चांगली बदामी भाजावी. फिकट राहिली तर ती चामट लागते. तिचे तीन पट्टे करून मध्ये क्रीम भरावे, तेही पाहुणे येण्यापूर्वी तास-दोन तासच. कापताना करवती सुरी हलकेच ओढावी, दाबू नये.

ज्या घरी अंडे चालत नाही तेथेही पीठ तेच राहते. क्रीमऐवजी रात्रभर टांगलेल्या चक्क्याचे घट्ट श्रीखंड भरावे. लनोत्र यांची त्याला हरकत असती असे आम्हांस वाटत नाही.