रबराचा ओठ आणि समुद्र

बोटीच्या मागे पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलेलं दिसलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. सगळं तेल गेलं, असंच वाटतं. पण पाण्यावर रंग दिसायला तेलाचा ०.३ मायक्रॉन जाडीचा थर पुरतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिशेब मांडून पाहा. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल, या जाडीनं पसरलं तर जवळपास सतरा चौरस मीटर पाणी रंगवतं. नुसती रुपेरी झाक यायला ०.०४ मायक्रॉन पुरे; मग तोच चमचा सव्वाशे चौरस मीटरवर जातो. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाण्यावरच्या लहरी निवल्या. १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं. त्या थराची जाडी काढली तर ती मिलिमीटरचा चार लाखावा भाग निघते, म्हणजे जवळपास एका रेणूएवढी!

तेव्हा तवंग पाहून गळतीचा आकार ठरवू नये. कुठून तरी वाट फुटली आहे, एवढंच तो सांगतो. आणि ती वाट जिथे फुटते तिथलं एरवीचं काम इतकं अजब आहे की गळती होते याहून ती सहसा होत नाही याचंच नवल वाटावं.

आधी हे तेल जिथून गळतं ते यंत्र पाहू. स्टर्नड्राइव्ह म्हणजे दोन जुन्या पद्धतींचा संकर. एका पद्धतीत इंजिन बोटीच्या पोटात असतं, त्याचा लांब दांडा तळातून तिरपा बाहेर पडून पंखा फिरवतो, आणि वळायला वेगळं सुकाणू लागतं. दुसऱ्या पद्धतीत अख्खं इंजिन बोटीच्या मागे टांगलेलं असतं. ते हवं तसं वळवता येतं, उथळ पाण्यात वर उचलता येतं, पण त्या काळी जड इंजिन तसं टांगता येत नसे. जिम विन या अमेरिकन इंजिनिअरनं सुचवलं की जड इंजिन आतच राहू द्या, मागच्या भिंतीला चिकटून, आणि पंख्याचा पाय तेवढा बाहेर लटकवा. स्वीडनच्या व्हॉल्व्हो पेंटानं ती कल्पना उचलली आणि १९५९ च्या न्यूयॉर्क बोट प्रदर्शनात ‘अ‍ॅक्वामॅटिक’ मांडलं. दोनच वर्षांनी अमेरिकेतून मर्क्रूझर आलं. तेव्हापासून तलावांत आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्या कितीतरी हौशी बोटी या पायावर धावतात.

या पायात शक्ती दोनदा काटकोनात वळते. इंजिनाचा आडवा दांडा वरच्या गिअरपेटीत शिरतो, तिथून उभा दांडा खाली जातो, आणि तळाशी पुन्हा तिरप्या दात्यांची चाकं तिला पंख्याच्या आडव्या दांड्यावर घेतात. दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासतातही. साधं वंगण तिथून पिळून निघून जाईल. म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळतात. दाते तापले की ती पोलादाशी संयोग पावून त्यावर झिजण्यासाठीच एक पातळ साय धरतात. दाते वाचतात, साय झिजते, पुन्हा धरते. गिअर ऑइलला येणारा उग्र वास या गंधकाचा. अनुभवी मेकॅनिक गळलेल्या तेलाचा ठिपका बोटावर घेऊन आधी हुंगतो, ते यासाठीच: इंजिन ऑइल, पाय वर-खाली करणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचं पातळ तेल आणि गिअर ऑइल यांचा वास वेगळा, चिकटपणा वेगळा.

एका पायात मॉडेलप्रमाणे दोन-अडीच लिटर तेल असतं. पेटी ॲल्युमिनियमची, आणि ती जवळजवळ सगळा वेळ पाण्यात. तिला भोकं पाडल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण दांडे आत-बाहेर जायला हवेत. सगळ्यात अवघड जागा पंख्याच्या दांड्याची. तो मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतो. आत तेल, बाहेर समुद्र, आणि मध्ये ऑइल सील. दिसायला ते रबराची बांगडी. बाहेरून धातूचं कडं, आतून एक बारीक ओठ, आणि तो ओठ दांड्यावर दाबून धरणारी स्प्रिंग. ओठ दांड्याला टेकतो तो पट्टा मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढा रुंद.

पूर्वी समज असा की रबर दांड्याला घट्ट चिकटतं म्हणून तेल अडतं. पण कोरडं रबर फिरत्या पोलादावर घासलं तर काही वेळात जळून जाईल. १९५७ मध्ये ई. टी. जॅगर या संशोधकानं दाखवलं की ओठाखाली तेलाचा अतिसूक्ष्म थर असतो आणि रबर त्या थरावर तरंगतं. म्हणजे तेल अडवणाऱ्या जागीच तेल! मग ते वाहून का जात नाही? उत्तर ओठाच्या घडणीत आहे. त्याची तेलाकडची बाजू उभट असते, बाहेरची बाजू पसरट. त्यामुळे सगळ्यात जास्त दाब पट्ट्याच्या मधोमध न पडता तेलाच्या बाजूला सरकतो. रबराच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. दांडा फिरताना ते फिरण्याच्या दिशेनं ओढले जाऊन तिरपे होतात, आणि दाब एका बाजूला कललेला असल्यामुळे त्यांच्या तिरपेपणातून तेल सतत आत ढकललं जातं. सील नुसतं दार लावत नाही, पंप चालवतं. पुरावा सोपा आहे. नीट बसवलेल्या सीलच्या बाहेरच्या बाजूला तेल लावा, दांडा फिरवा: ते तेल ओठाखालून आत ओढलं जातं. सील उलटं बसवा, तर तेच तेल बाहेर फेकायला लागतं.

म्हणून पंख्याच्या दांड्यावर एकच सील नसतं. पाठीला पाठ लावून दोन बसवलेली असतात. आतलं तेलाकडे तोंड करून तेल आत ढकलतं, बाहेरचं पंख्याकडे तोंड करून पाणी समुद्रात परत पाठवतं. मधल्या फटीत ग्रीस. मला तर अख्ख्या बोटीत याहून चतुर जोडी दिसत नाही.

अडचण सुरू होते बोट थांबल्यावर. दांडा फिरायचा थांबला की पंपही थांबतो, उरतो फक्त स्प्रिंगचा दाब. शिवाय धावताना तापलेला पाय गार पाण्यात निवतो, आतलं तेल आणि उरलीसुरली हवा आकसते, पोकळी तयार होते. तापताना ज्या वाटेनं तेल बाहेर गेलं, त्याच वाटेनं आता पाणी आत येतं. गळती ही दुतर्फा रहदारी आहे, आणि तिची येणारी बाजू जास्त घातक.

पाणी शिरलं की गिअरचे दाते ते तेलात घुसळतात. पाण्याचे बारीक थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात आणि तेल दुधाळ होतं; दूध पांढरं दिसण्याचं कारणही हेच. दुधाळ तेल दात्यांवर नीट थर धरत नाही, बेअरिंगला गंज लागतो. थंड देशांत आणखी एक संकट असतं. स्वीडनमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या तलावांवर हिवाळ्यात बोट वर ओढून ठेवतात. पाणी तेलाहून जड, ते पायाच्या तळाशी साचतं, गोठताना नऊ टक्के फुगतं आणि ॲल्युमिनियमची पेटी तडकवतं. म्हणून तिकडे तेल बदलायचं ते शरद ऋतूत, वसंताची वाट न पाहता. बोट काही काळ स्थिर उभी असली की तळाचा प्लग जरासा सैल करून पाहतात. आधी पाण्याचे थेंब आले तर निदान तिथेच झालं.

मर्क्रूझरच्या बऱ्याच बोटींवर यावर एक साधा उपाय असतो, आणि तो मला फार आवडतो. इंजिनच्या खोलीत, पाण्याच्या पातळीहून उंच, तेलाची एक छोटी बाटली बसवतात आणि नळीनं ती पायाला जोडतात. उंचीमुळे पायातल्या तेलाचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त राहतो. सील कमजोर झालंच तर तेल बाहेर जावं, पाणी आत येऊ नये, असा हा कौल इंजिनिअरांनी आधीच देऊन ठेवला आहे. बाटलीतली पातळी उतरली की भोंगा वाजतो. तेल नुकतंच बदललं असेल तर अडकलेली हवा निघून गेल्यानं पातळी थोडी उतरते, ते चालतं. त्यानंतरही उतरत राहिली तर गळती आहे. पातळी चढली किंवा बाटलीत दूध दिसलं, तर बोट पाण्यात उतरवूच नये.

आता शोध. पाय धुऊन, पुसून कोरडा करायचा, खाली पुठ्ठा अंथरायचा आणि थांबायचं. तेल खाली ओघळतं, म्हणून ठिपक्याच्या जागेला महत्त्व नाही. सगळ्यात उंच ओली जागा शोधायची. पंख्याच्या मध्यातून काळं काही टपकलं तर लगेच घाबरू नये, कारण बऱ्याच स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिनचा धूर तिथूनच बाहेर पडतो आणि ओली काजळी तेलासारखी दिसते. वरच्या बाजूच्या रबरी भात्यात तेल साचलं असेल तर आडव्या दांड्याचं सील गेलं. गिअर बदलणाऱ्या दांडीला स्वतःचं छोटं सील असतं, दोन पेट्यांच्या जोडावर ओ-रिंग असते. मात्र अनेकदा चोर निघतो तो प्लगखालचा वॉशर. तो एकदाच वापरायचा असतो आणि लोक वर्षानुवर्षं तोच दाबत बसतात.

डोळ्यांना सापडलं नाही तर तेल काढून पेटीत हातपंपानं हवा भरतात, दाबमापकावर दाब पाहतात, दांडा हातानं फिरवत साबणाचं पाणी फवारतात. बुडबुडे आले तिथे वाट. इथे एक गंमत आहे. हवा आधी कमी दाबानं भरायची. दाब वाढला की तो ओठाला दांड्यावर आणखी दाबतो आणि गळकं सीलही काही वेळ साळसूद बनतं. मग उलट, आतली हवा ओढून पोकळीही तपासतात, कारण काही सीलं बाहेरून आत येणाऱ्यालाच वाट देतात.

सील काढल्यावर दांड्यावरून नख फिरवून बघावं. खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही. मऊ रबर पोलादाला खाच कशी पाडतं? वाळूचे सूक्ष्म कण रबरात रुततात आणि मग ते रबर घासकागद बनतं. अशा दांड्यावर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची पोलादी बाही चढवता येते. नाहीतर दांडा बदलायचा. रबर फुगवून गळती थांबवणारी बाटलीबंद औषधं मिळतात, त्यांच्या नादी लागू नये. फुगलेल्या ओठाची ती नेमकी घडण राहत नाही, आणि सगळी करामत तर त्या घडणीतच होती.

तेल भरायचं ते खालून वर. वरून ओतलं तर दाट तेलाखाली हवा अडकते. तळाच्या भोकातून पंपानं चढवलं तर ते हवेला पुढे घालून वर येतं. वरच्या भोकातून बुडबुड्यांविना तेल येऊ लागलं की आधी वरचा प्लग लावायचा, मग खालचा पंप काढून चटकन तळाचा. वर बंद असल्यानं हवा आत शिरत नाही आणि तेल खाली सांडत नाही.

पाण्यात गेलेल्या तेलाचं काय? अमेरिकेत पाण्यावर तवंग उमटवणारी गळती बेकायदा आहे, ती कळवावी लागते, आणि भांड्यांचा साबण ओतून तवंग घालवायलाही मनाई आहे. साबणानं तेल नाहीसं होत नाही, थेंबाथेंबानं खाली माशांपर्यंत जातं. त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचे शोषक गालिचे तवंगावर टाकावेत. ते तेल पितात, पाणी पीत नाहीत, आणि भरल्यावरही तरंगतात.

सीलचा वैरी मात्र नुसतं वय नाही, तंगूसही आहे. पाण्यात सुटलेली ही नायलॉनची दोरी पंख्यामागे दांड्यावर गुंडाळली जाते, घर्षणानं तापते आणि ओठात रुतते. पंखा काढल्याशिवाय ती दिसतही नाही. कोकणच्या किनाऱ्यावर छोट्या फायबर होड्यांना जी आउटबोर्ड इंजिनं असतात, त्यांच्या पायातही अशीच गिअरपेटी आणि अशीच सीलं असतात. तेव्हा गळ टाकणाऱ्यांनो, तुटलेलं तंगूस पाण्यात सोडू नका, गुंडाळून किनाऱ्यावर आणा. आणि होडीवाल्यांनो, अधूनमधून पंखा काढून मागे बघत जा.