नाव लागले म्हणजे मालकी आली?

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच पहिला प्रश्न निघतो : नॉमिनी कोण? ज्याचे नाव निघते त्याला वाटते सगळे आपले झाले, आणि ज्याचे निघत नाही तो मनातून खचतो. दोघांचेही चुकते.

नॉमिनी म्हणजे रक्कम ताब्यात घेणारा माणूस. बँकेने त्याच्या हातात ठेव दिली की बँक मोकळी होते, नॉमिनी मालक होत नाही. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर कायद्याने ठरलेल्या वारसांना त्याने ती रक्कम द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे 1984 साली सरबती देवी खटल्यात सांगितले आणि शेअरबाबत डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा स्पष्ट केले. (विमा कायद्यात 2015 साली आईवडील, पती-पत्नी व मुले या नॉमिनींसाठी वेगळी तरतूद आली. तिच्यावरही कोर्टात वाद झाले आहेत.)

सोसायटीतील फ्लॅटचेही तेच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार, खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. कित्येकांनी नॉमिनेशनचा फॉर्म लग्नाआधी, फ्लॅटचा ताबा घेताना भरलेला असतो. त्यात आईचे किंवा धाकट्या भावाचे नाव असते, आणि नंतर तो कागद कोणी उघडूनही पाहत नाही.

‘मृत्युपत्र नसले तरी काय, सगळे बायकोलाच मिळते.’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो चांगल्या, एकोप्याच्या घरांना गाफील ठेवतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू असलेल्या 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते. वडील मात्र येत नाहीत. समजा, नवऱ्याने स्वतःच्या कमाईचा फ्लॅट मागे ठेवला आणि घरात पत्नी, मुलगा, मुलगी व सासूबाई आहेत. फ्लॅटचे सारखे चार हिस्से होतील. पुढे सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या हयात मुलामुलींत आणि गेलेल्या मुलाच्या मुलांत वाटला जाईल. सासरे हयात असतील तर त्यांनाही वाटा. सुनेला त्यातले काही नाही. म्हणजे तिच्या राहत्या घरात आता दीर आणि नणंदही भागीदार. कोणाच्याही मनात पाप नसताना हे घडते, आणि दोन पानी मृत्युपत्राने ते टळले असते.

गावाकडे हाच घोळ सातबाऱ्यावर होतो. फेरफार झाला, भावांची नावे चढली, म्हणजे बहिणींचा हक्क संपला असे धरून चालतात. फेरफार ही महसुली नोंद आहे. तिने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. तलाठ्यापुढे ‘मला हिस्सा नको’ असा जबाब दिल्यानेही हक्क सुटत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. लग्न झाले म्हणून तर हक्क मुळीच जात नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हक्कदार, आहे. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी ठरले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेले रीतसर वाटप मात्र त्यामुळे उखडत नाही. माहेर तुटेल या धाकाने सही करणाऱ्या बहिणीला ही माहिती आधी मिळाली पाहिजे. मग सोडायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे.

आता मृत्युपत्र. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साध्या कागदावर हाताने लिहिलेलेही चालते. चालत नाही ते साक्षीदारांशिवाय. करणाऱ्याची सही दोन साक्षीदारांनी पाहिलेली किंवा ती आपली असल्याचे त्याने त्यांना सांगितलेले असावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. आत काय लिहिले आहे हे त्यांना कळण्याची गरज नाही. साक्षीदार वयाने लहान निवडा, कारण वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला कोर्टात उभे राहावे लागते. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मत बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते. शेवटचे ते खरे.

सगळ्यांना एकच नियम नाही. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही, आणि गोव्यात मुलांचा अर्धा हिस्सा सहसा काढून घेता येत नाही.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा शिक्का. महाराष्ट्रात मुंबई शहराबाहेर केलेल्या मृत्युपत्रातील शहराबाहेरच्या मिळकतींसाठी तो हिंदूंना पूर्वीही सक्तीचा नव्हता. मुंबईतली सक्तीही डिसेंबर 2025 मध्ये संसदेने काढली. तरी वारसांत वाद असेल तर प्रोबेट घेतलेले बरे.

आणि मृत्युपत्र कपाटात हरवण्याची भीती असेल, तर ते सीलबंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. करणारा हयात असेपर्यंत तो लखोटा त्याच्याशिवाय किंवा त्याने रीतसर अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कोणालाही परत मिळत नाही.